विवाहाचा पुरावा आणि परदेशाचे दार : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

मध्य प्रांतात इंग्रजी अंमल स्थिरावल्यानंतर गावोगावच्या कोतवालाकडे जी कामे आली, त्यांत जन्म व मृत्यू यांची खबर ठाण्यावर पोचविण्याचे काम महत्त्वाचे होते. या खबरींवरून तयार झालेली नोंदवही विदर्भात आजही ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखली जाते, आणि वर्धा जिल्ह्यातील तहसील कार्यालयांत तिच्या नकला मिळाव्यात म्हणून लोक अर्ज करीत असतात. या वहीत बापाचे नाव असते, जात असते, अपत्य मुलगा की मुलगी हेही असते; अपत्याचे स्वतःचे नाव मात्र पुष्कळदा नसते. विवाहाची नोंद तर तीत नाहीच. साथीच्या रोगांचा व लोकसंख्येचा हिशेब लावण्यासाठी सरकारला जन्ममृत्यूची गणना हवी होती. विवाह हा ज्याच्या त्याच्या धर्माचा व जातीचा व्यवहार मानून त्याने तो बाजूस ठेवला.

गावाच्या सीमेत या उणिवेने कोणाचे काही अडले नाही. लग्न कोणत्या भटजींनी लावले, अंतरपाटाजवळ मामा म्हणून कोण उभा होता, वऱ्हाड कोणाच्या वाड्यात उतरले, हे सांगणारी माणसे गावात हयात असत, आणि वाद उपस्थित झाल्यास न्यायालयही त्यांचीच साक्ष घेई. विवाहाचा पुरावा म्हणजे चारचौघांची आठवण, अशी ही व्यवस्था होती. परंतु एखाद्या पुरुषाने समुद्रापलीकडे बस्तान बसविले आणि त्याची पत्नी त्याच्याकडे जावयास निघाली, म्हणजे ही आठवण तिच्याबरोबर बोटीत बसू शकत नसे. परक्या किनाऱ्यावरचा अधिकारी तिला विचारी : तू याची पत्नी कशावरून? आज ज्याला पती-पत्नीच्या व्हिसाची मुलाखत म्हणतात, तिच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. तो प्रश्न कसा निर्माण झाला, आणि त्याचे उत्तर देण्याचा भार कोणावर पडला, हे पाहण्यास वर्धा जिल्हा हे सोयीचे ठिकाण आहे. कारण या इतिहासातील काही प्रमुख व्यक्तींचा या जिल्ह्याशी जन्माने किंवा वास्तव्याने संबंध आला आहे.

प्रथम एक विरोधी उदाहरण ध्यानात घेणे अवश्य आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्क येथे उतरल्या. त्यांचे माहेरचे नाव यमुना. लग्नानंतर त्या आनंदी झाल्या. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या एकट्या पुढे गेल्या, आणि गोपाळराव १८८५ मध्ये त्यांच्या मागून अमेरिकेस पोचले. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांना पदवी मिळाली, तेव्हा गोपाळराव तेथे होते. पत्नीमागून परदेशी जाणाऱ्या पतीचे हे मराठी समाजातील एक जुने उदाहरण होय. त्या काळी अमेरिकेत उतरणाऱ्या माणसाजवळ पारपत्र असलेच पाहिजे अशी अट नव्हती. व्हिसा ही वस्तूच नव्हती. यमुना आणि आनंदी या एकच व्यक्ती आहेत हे सिद्ध करण्याचा प्रसंग आनंदीबाईंवर आला नाही. तथापि दार पूर्णपणे सताड उघडे होते असेही नव्हे. १८८२ मध्येच अमेरिकेने दोन कायदे केले होते. एकाने चिनी मजुरांना बंदी झाली. दुसऱ्याने प्रत्येक परकीय उतारूवर अर्ध्या डॉलरचा कर बसविला आणि जो सरकारी खर्चावर पोसावा लागेल अशा इसमास परत धाडण्याची तरतूद केली. ही दुसरी तरतूद वरवर क्षुल्लक दिसते, पण तिचे आयुष्य फार मोठे ठरले; तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

प्रश्न तीव्र झाला तो दक्षिण आफ्रिकेत. तेथे राहणाऱ्या हसन इसप नावाच्या एका हिंदी मुसलमानाची पत्नी बाई मरियम हिला प्रवेशाधिकाऱ्यांनी केप प्रांतात उतरू देण्याचे नाकारले. प्रकरण केपच्या वरिष्ठ न्यायालयात गेले आणि १४ मार्च १९१३ रोजी न्या. माल्कम सर्ल यांनी अधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या धर्मात पुरुषास एकाहून अधिक विवाह करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह त्या देशाच्या कायद्याच्या दृष्टीने विवाह नव्हे, असा या निकालाचा आशय होता. त्या पुरुषाने प्रत्यक्षात किती विवाह केले हा मुद्दाच गौण ठरला. त्या काळी हिंदू पुरुषासही अनेक पत्नी करण्याची मोकळीक असल्याने निकालाची झळ केवळ एका मुसलमान कुटुंबापुरती राहिली नाही; दक्षिण आफ्रिकेतील बहुसंख्य हिंदी स्त्रिया एका लेखणीच्या फटकाऱ्याने पत्नीपदावरून खाली आल्या. मुलांचा औरसपणा, वारसा, पतीकडे जाण्याचा हक्क, सारेच संशयित झाले.

या निकालाचा परिणाम सत्याग्रहाच्या इतिहासात सुपरिचित आहे. तथापि त्याची एक बाजू नेहमी निसटते. १५ सप्टेंबर १९१३ रोजी फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची एक तुकडी निघाली. तीत चार स्त्रिया होत्या : कस्तुरबा, छगनलाल गांधींच्या पत्नी काशी, मगनलाल गांधींच्या पत्नी संतोक आणि डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या कन्या जयकुंवर. नाताळमधून ट्रान्सवालच्या सीमेत विनापरवाना शिरावयाचे आणि अटक करवून घ्यावयाची, असा बेत होता. अधिकाऱ्याने विचारले तरी आपली नावे सांगावयाची नाहीत, असे त्यांनी ठरविले होते. कारण गांधींचे नातलग म्हणून ओळख पटली असती, तर त्यांना पकडण्याचेच टाळले गेले असते. फोक्सरस्ट येथे त्यांना अडविण्यात आले आणि २३ सप्टेंबर रोजी तीन महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. सीमेवरचा अधिकारी प्रश्न विचारतो आणि स्त्री आपण कोण हे सांगण्याचे नाकारते, हा या प्रसंगाचा गाभा होय. ज्या राज्याने आपले विवाह अमान्य केले, त्याच्या कागदावर आपले नाव चढविण्यास या स्त्रियांनी नकार दिला.

या चार स्त्रियांपैकी दोघींच्या घरांची नावे पुढे वर्ध्याच्या भूगोलात रुजली. जमनालाल बजाज यांनी गांधींच्या स्वाधीन केलेल्या वर्ध्यातील बागेस १९२८ मध्ये निधन पावलेल्या मगनलालांच्या स्मरणार्थ ‘मगनवाडी’ हे नाव मिळाले. गांधी १९३५ मध्ये तेथे राहत होते. ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगावास गेले, आणि त्या खेड्याचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. तेथील आश्रमात जमनालालांनी कस्तुरबांसाठी बांधविलेली ‘बा कुटी’ आजही पाहावयास मिळते. कुटी पाहावयास येणाऱ्या प्रवाशांस कस्तुरबांच्या साधेपणाविषयी पुष्कळ सांगितले जाते. पत्नीपदाच्या कायदेशीर मान्यतेसाठी त्या मॅरित्झबर्गच्या तुरुंगात गेल्या होत्या हे क्वचितच सांगितले जाते. वस्तुतः चरख्याइतकेच तेही स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

१९१४ च्या हिंदी दिलासा कायद्याने तोडगा निघाला. तो कसा निघाला हे बारकाईने पाहिले पाहिजे. एक पुरुष व एकच पत्नी असेल तेथे हिंदी धर्मविधीने झालेला विवाह मान्य करण्यात आला. हिंदी धर्मगुरूंस विवाह-अधिकारी म्हणून नेमण्याची सोय झाली. आधी झालेले विवाह नोंदवून घेण्याचाही मार्ग उघडला. म्हणजे विवाहास मान्यता मिळाली, पण नोंदीच्या वाटेने. लढ्यात जे मिळविले त्याच्याच पोटी नवा कागद जन्मास आला. यानंतर चारच वर्षांनी, १९१८ च्या साम्राज्य युद्ध परिषदेत हिंदुस्थान व स्वायत्त वसाहती यांच्यामध्ये परस्परव्यवहाराचा ठराव झाला. वसाहतींत कायम स्थायिक झालेल्या हिंदी माणसास आपली पत्नी व अज्ञान मुले आणता यावीत, असे त्यात मान्य झाले; मात्र पत्नी एकच असावी आणि ती त्याची कायदेशीर पत्नी आहे असा दाखला हिंदुस्थान सरकारने दिला पाहिजे, अशा दोन अटी घातल्या गेल्या. ज्या सरकारच्या वह्यांत जन्म होता, मृत्यू होता आणि विवाह नव्हता, त्याच सरकारवर विवाह प्रमाणित करण्याची जबाबदारी आली. हा विरोधाभास त्या वेळी कोणास फारसा जाणवला नाही, कारण अशा दाखल्याची गरज पडणारे लोक थोडे होते आणि ते प्रामुख्याने पंजाब, गुजरात व मद्रासकडचे होते.

कॅनडाचा अनुभव याच काळातला आहे. १९०८ पासून तेथे असा नियम होता की, स्वदेशातून निघाल्यावर मध्ये कोठेही बोट न बदलता आलेल्यासच प्रवेश मिळावा. आणि हिंदुस्थानातून तशी थेट वाहतूक उपलब्ध नव्हती. पूर्वीचे रहिवासी म्हणून भागसिंग व बलवंतसिंग यांना १९१२ च्या प्रारंभी व्हँकुव्हर येथे उतरू दिले गेले, पण त्यांच्या पत्नींना परत पाठविण्याचा हुकूम निघाला. काही महिन्यांच्या वादानंतर त्यांना राहू देण्यात आले ते हक्क म्हणून नव्हे, तर कृपा म्हणून. पुढे दोघेही गदर चळवळीच्या परिघात आले. पॅसिफिक किनाऱ्यावरील हिंदी लोकांच्या असंतोषाची कारणे सांगताना मजुरी, मारहाण व वर्णद्वेष यांचा उल्लेख नेहमी होतो. बायकामुलांच्या प्रवेशाचे कारण त्यांच्या बरोबरीने मांडले पाहिजे.

याच किनाऱ्यावर त्या सुमारास वर्ध्याचा एक तरुण शेतकीचे शिक्षण घेत होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्धा येथे झाला. पालकवाडी या खेड्याच्या जागी १८६६ मध्ये जिल्ह्याचे ठाणे हलवून वर्धा शहर वसविले गेले, त्याला तेव्हा अवघी अठरा वर्षे झाली होती. वर्धा व नागपूर येथे शिक्षण घेऊन, टिळकांच्या राजकारणाने भारलेल्या अवस्थेत, १९०६ च्या सुमारास ते देशाबाहेर पडले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात त्यांनी कृषिशास्त्राचे अध्ययन केले, गदर चळवळीच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत ते होते, पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूने हिंदुस्थानच्या सीमेकडे सरकण्याच्या प्रयत्नात त्यांनी भाग घेतला, आणि १९२१ मध्ये हिंदी क्रांतिकारकांच्या मंडळाबरोबर ते मॉस्कोस गेले. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेत अध्यापक झाले. मका व गहू यांवरील त्यांचे संशोधन, गरीब शेतकऱ्यांसाठी काढलेल्या मुक्त कृषिशाळा, दिएगो रिवेरांशी व छायाचित्रकार टिना मोदोत्ती यांच्याशी आलेला संबंध, हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण भारताच्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झाले.

खानखोजे मेक्सिकोत पोचले ते १९२४ हे साल प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांस बंदी केलीच होती. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य नागरिकत्वास अपात्र ठरविला. याची झळ पत्नींनाही लागली. तारकनाथ दास हे १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झाले होते. त्यांच्या पत्नी मेरी या जन्माने अमेरिकन. परंतु नागरिकत्वास अपात्र अशा परकीयाशी विवाह करणाऱ्या स्त्रीचे नागरिकत्व १९२२ च्या कायद्यानेही जात असे, आणि त्या अन्वये मेरी दास स्वतःच्या जन्मभूमीत परक्या ठरल्या. विवाहाने स्त्रीस देश मिळतो हा जसा एक नियम होता, तसा विवाहाने तिचा देश जातो हाही होता.

मे १९२४ च्या कायद्याने यावर कळस चढविला. तोवर प्रवेशाचा निर्णय मुख्यतः बंदरावर होई. आता नियम असा झाला की, स्थलांतरेच्छूने आपल्याच देशातील अमेरिकन कॉन्सलकडे अर्ज करावा, शपथ घ्यावी, छायाचित्र द्यावे आणि व्हिसा मिळाल्यावरच बोटीचे तिकीट काढावे. सीमा अशा रीतीने अर्जदाराच्या घराजवळ येऊन बसली. यात दया नव्हती असे म्हणणे अन्याय्य होईल. बंदरावरून परत धाडलेल्या माणसाची जी दैना होई ती यामुळे टळली. परंतु बंदरावर उतरलेल्या माणसास निदान त्या देशाच्या न्यायालयाचे दार ठोठावता येत असे. बाई मरियमचे प्रकरण न्यायालयात गेले ते ती किनाऱ्यास लागली होती म्हणून. कॉन्सलच्या टेबलासमोर नकार मिळालेला अर्जदार मात्र त्या देशाच्या भूमीवर नसे, आणि त्याची दाद घेण्यास तेथील न्यायालये पुढे नाखूष राहिली. याच कायद्यात ‘पत्नी’ या शब्दाची व्याख्याही आली : वर वा वधू समक्ष हजर नसताना, प्रतिनिधीमार्फत किंवा छायाचित्रावरून लागलेला विवाह तीत बसत नाही. हा रोख जपानी वधूंवर होता. नागरिकाच्या पत्नीस कोट्याबाहेर प्रवेश मिळाला, पण पतीस तसा मिळाला नाही. ही विषमता १९५२ मध्ये गेली. आशियाई पत्नीस तर नागरिकाची पत्नी असूनही मज्जाव झाला, आणि २५ मे १९२५ रोजी एका चिनी कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. हिंदी लोकांस अमेरिकेचे दार २ जुलै १९४६ च्या कायद्याने किंचित उघडले. वर्षास शंभर जणांचा कोटा ठरला.

खानखोजे यांचा विवाह १९३६ मध्ये झाला. वधू जान अलेक्झांद्रीन सिंदिक या बेल्जियन होत्या. मेक्सिकोत १८५९ पासून विवाह हा नागरी करार मानला गेला असून सरकारी नोंदवहीवाचून त्यास कायद्याची मान्यता नाही. वर्ध्यात विवाह समाजाच्या स्मरणात आणि मेक्सिकोत तो सरकारच्या वहीत, असे हे दोन टोकांचे व्यवहार होत. या कुटुंबाच्या बाबतीत मात्र संशय पत्नीवर आला नाही, तो पतीवर आला, आणि तोही त्याच्या मायदेशाकडून. १९२० च्या हिंदी पारपत्र कायद्याने देशात येणाऱ्याजवळ पारपत्र मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता, आणि परदेशांतील क्रांतिकारकांना तो अधिकार एखाद्या भिंतीसारखा होता. १९४७ मध्ये राज्य बदलले. याद्या बदलल्या नाहीत. खानखोजे यांनी भारतात येण्याची परवानगी मागितली तेव्हा ती प्रथम नाकारण्यात आली, कारण ब्रिटिश अमदानीतील काळ्या यादीत त्यांचे नाव तसेच राहिले होते. ज्या राज्यासाठी माणसाने देश सोडला, त्याच राज्याच्या कचेरीने त्याला परका म्हणावे, याला दुष्टपणा म्हणता येत नाही. ती केवळ दप्तराची जडता होती. दप्तराची जडता मात्र दुष्टपणाहून अधिक टिकाऊ असते. अडथळा पुढे दूर झाला, १९४९ मध्ये ते येऊन गेले आणि १९५५ मध्ये नागपुरास स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १० एप्रिल १९६७ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशगमनाचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत असल्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षी पारपत्र कायदा झाला. त्यापूर्वी पारपत्र देणे न देणे ही सरकारची मर्जी होती.

१९५५ हे साल आणखी एका कारणाने नमूद करण्यासारखे आहे. त्या वर्षाच्या अखेरीस झालेल्या नागरिकत्व कायद्याने भारतीय नागरिकाशी विवाहबद्ध झालेल्या परदेशी स्त्रीस नोंदणीने नागरिक होण्याची सवलत दिली. परदेशी पतीस ती दिली नाही. वर्ध्याच्या पुरुषाने बेल्जियन स्त्रीशी विवाह केला तर तिला भारतीय होता येई. वर्ध्याच्या स्त्रीने बेल्जियन पुरुषाशी केला तर त्याला त्या वाटेने होता येत नसे. कायद्यातील ‘स्त्रिया’ हा शब्द जाऊन ‘व्यक्ती’ हा शब्द १९८६ मध्ये आला. परक्यांच्या कायद्यांतील विषमता दाखविताना घरची ही तरतूद झाकून ठेवण्याचे कारण नाही.

त्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्याने मूळ प्रश्नास स्पर्श केला, पण तो सोडविला नाही. कलम ७ प्रमाणे रूढ विधींनी विवाह होतो, आणि सप्तपदी हा त्यातील विधी असेल तर सातव्या पावलास तो पूर्ण होतो. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या वर्धा जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांत सप्तपदी नाही; त्यांचे विवाह त्यांच्या रूढीने तितकेच पूर्ण ठरतात. कलम ८ ने नोंदणीची सोय केली, मात्र नोंद नसली तरी विवाहास बाध येत नाही असेही स्पष्ट सांगितले. समाजाच्या दृष्टीने हा उदार व योग्य नियम होता. पण दूतावासाच्या टेबलावर या उदारतेचा उपयोग होत नाही. तेथे विवाह वैध आहे एवढे पुरत नाही, तो दिसला पाहिजे. महाराष्ट्राने १९९८ मध्ये विवाह नोंदणीचा कायदा केला. त्यानुसार वधूवर, तीन साक्षीदार आणि विवाह लावणारा पुरोहित यांच्या सह्यांचे ज्ञापन नमुना ‘ड’ मध्ये द्यावयाचे आणि प्रमाणपत्र नमुना ‘ई’ मध्ये मिळावयाचे. खेड्यात निबंधकाचे काम ग्रामसेवकाकडे आले. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे राज्यांस आदेश दिले. कोतवालाच्या वहीत जी जागा शंभर वर्षे रिकामी होती, ती अशा रीतीने ग्रामसेवकाच्या वहीत भरू लागली. मांडवातील तीन माणसांची आठवण आता तीन सह्यांच्या रूपाने कागदावर उतरते. म्हणजे जुना पुरावा नाहीसा झाला नाही, त्याचे रूप बदलले.

अमेरिकन नागरिकाशी विवाह झालेल्या वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वी येथील वधूस आज जो मार्ग चालावा लागतो, त्यात वरील इतिहासाचे जवळजवळ सर्व थर सापडतात. प्रथम पतीने अमेरिकेत पत्नीच्या वतीने विनंतीअर्ज करावयाचा. म्हणजे अर्जदार पत्नी नसून पती आहे, आणि ती त्याची ‘लाभार्थी’. तो मंजूर झाल्यावर प्रकरण न्यू हॅम्पशायर राज्यातील पोर्ट्समथ येथील राष्ट्रीय व्हिसा केंद्रात जाते. तेथे पतीने प्रतिज्ञापत्र द्यावे लागते की, आपले उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांहून कमी नाही आणि पत्नी सरकारी खर्चावर पडणार नाही. १८८२ च्या कायद्यातील तीच तरतूद १९९६ मध्ये हे रूप घेऊन आली. चारित्र्याचा दाखला पारपत्र कार्यालयाकडून घ्यावयाचा, लसटोचणी व क्षयाची तपासणी नेमलेल्या डॉक्टरांकडे करावयाची, आणि मग मुंबईस मुलाखत. अमेरिकेची मुंबईतील वकिलात पूर्वी ब्रीच कँडीजवळच्या वांकानेर संस्थानिकांच्या राजवाड्यात होती. २०११ मध्ये ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. वर्ध्याहून रात्रीच्या गाडीने निघालेली वधू सकाळी दादरला उतरते आणि कागदांची पिशवी छातीशी धरून तेथे पोचते.

या पिशवीतील नावांचा गुंता हा मराठी समाजाचा खास गुंता आहे. जन्मनोंदीत बापाचे नाव व ‘मुलगी’ एवढेच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, मधले नाव वडिलांचे. लग्नानंतर मधले नाव पतीचे, आडनाव सासरचे, आणि ताटातील तांदळांवर अंगठीने लिहिलेले पहिले नावही कधी नवे. चारही कागदांवरील स्त्री एकच, हे दाखविण्यासाठी प्रतिज्ञापत्रे, राजपत्रातील नामबदलाची सूचना आणि जन्मनोंद उपलब्ध नसल्याचा दाखला जोडावा लागतो. पतीच्या कागदांत असा खंड पडत नाही, कारण विवाहाने त्याचे काहीच बदलत नाही. ज्या रूढीने स्त्रीला नव्या घरात सामावून घेतले, तीच रूढी परक्या कचेरीत तिच्याविरुद्ध साक्ष देते.

मुलाखत थोड्या मिनिटांची असते. भेट कशी झाली, स्थळ कोणी आणले, लग्नास कोण होते, पतीचे काम काय, घरात कोण कोण आहे, असे साधे प्रश्न असतात. त्यांमागील गृहीतक मात्र साधे नाही. विवाह कायद्याने झाला एवढ्यावर न थांबता तो ‘खरा’ आहे की केवळ प्रवेशासाठी केला, हे अधिकाऱ्यास ठरवावयाचे असते. १९८६ च्या अमेरिकन दुरुस्तीने तर दोन वर्षांहून अलीकडच्या विवाहावर मिळणारे वास्तव्य सशर्त केले. दोन भेटींत ठरलेले आणि महिन्यात उरकलेले लग्न विदर्भातील कुटुंबास नेहमीचे वाटते. परस्परपरिचयावर विवाह उभा असतो असे मानणाऱ्या अधिकाऱ्यास त्याच गोष्टीत संशयाची जागा दिसते. अधिकारी नेहमीच कठोर असतो असे नाही. पण त्याने कोणत्या विवाहकल्पनेचे माप हाती धरले आहे, हे त्याच्यासमोर उभ्या असलेल्या स्त्रीस ठाऊक नसते. या मापाचे किती हीन रूप होऊ शकते ते ब्रिटनने दाखविले. जानेवारी १९७९ मध्ये विवाहासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यचाचणी करण्यात आली. वृत्तपत्रांतून बोभाटा झाल्यावर ही पद्धत बंद झाली. पुढे संशोधकांनी शोधलेल्या सरकारी कागदपत्रांवरून भारतातील ब्रिटिश कचेऱ्यांत किमान ८० स्त्रियांवर असे प्रकार झाल्याचे उघड झाले. कागद नसेल तर शरीरच कागद समजावे, इतपर्यंत पुराव्याचा हा हव्यास गेला होता.

कॉन्सलच्या निर्णयावर दाद मागण्याचा प्रश्न १९२४ पासून लोंबकळत होता. अमेरिकन नागरिक असलेल्या एका पत्नीने, एल साल्वाडोरमधील आपल्या पतीस तेथील वकिलातीत व्हिसा नाकारला गेला म्हणून, तो अलीकडे पुन्हा न्यायालयात नेला. २१ जून २०२४ रोजी मुन्योझ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, परकीय जोडीदारास देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत संवैधानिक हक्क नागरिकास नाही. १९१३ मधील न्या. सर्ल यांनी विवाहच अमान्य केला होता. या निकालात विवाह निर्विवादपणे मान्य आहे. फक्त त्यावरून दार उघडण्याचा हक्क उत्पन्न होत नाही. मुंबईच्या खिडकीवरून एखाद्या वधूस कागद अपुरे असल्याची चिठ्ठी मिळते, तेव्हा ती वर्ध्यास परतते आणि बहुधा दुसऱ्याच दिवशी तहसील कचेरीत आपल्या जन्माच्या नोंदीची नक्कल मागण्यासाठी अर्ज करते.